समुद्रावर चपला कोण सांभाळणार

फौजी लोक वाळवंटात राहतात म्हणजे वाळू चावूनच जगतात, असं आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बायकांना वाटतं. परवा एकीला सांगितलं, हे फौजेत, कच्छात तळावर होतो तेव्हा आम्ही महिन्यातून एकदा समुद्रावर जायचो. तर म्हणाली, "काहीतरीच तुमचं! वाळवंटात कुठला समुद्र?" अहो बाई, आहे. तळावरून गाडीनं दीड तास. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत घरी. चार वर्षं गेलो की. आणि त्यातली साडेतीन वर्षं मी समुद्रावर जाऊन काय केलं? चपला सांभाळल्या.

चेष्टा नाही करत. उतरलं की घरची चादर अंथरायची, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा मांडायचा आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध मी. यांचं घड्याळ, पाकीट, मोबाईल, गाडीची किल्ली, पोरांच्या चपला, सगळं माझ्यापुढं. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून आरडाओरडा करायचे. पोरगी आणि धाकटा लाटांत लोळायचे, लांबून मला हात करायचे. मीही करायचे. तळावरच्या बाकीच्या बायकाही अशाच आपापल्या ढिगाजवळ बसलेल्या असायच्या.

आणि गंमत ऐका. आमच्या घरात पोहता येणारी एकटी मीच होते! माझं माहेर माळशिरसजवळचं, उसाच्या शेतातलं. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं आणि वरून ओरडत होते, "पाय हाण की गं! बुडत न्हाईस तू!" महिन्याभरात डबा सुटला. पुढच्या उन्हाळ्यात मी कठड्यावरून असा मुटका मारायचे की पोरं बघत राहायची. मग शहाणी झाले आणि आईनं दोन शब्दांत विहीर बंद केली, "आता बास." वडील शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. त्यांनी बोलायला हवं होतं.

लग्नात पोहण्याचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पोरगी तेराची झाली आणि त्या हिवाळ्यात तिची पाळी सुरू झाली. लगेच सोलापुरातून सासूबाईंचा फोन. "तिला आता पाण्यात सोडू नका हं. लहान न्हाय ती. चार लोक बघत्यात." मी नुसतं "बरं" म्हटलं. सासूबाईंना फोनवर "बरं" एवढंच म्हणायचं असतं. पण यांना ते खरंच पटलेलं. गाडीत चकार शब्द काढला नाही, समुद्रावर उतरल्यावर मात्र तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू आज आईजवळ बस."

मला वाटलं, आता ही थयथयाट करणार. रिमोटसाठी भावाला लोळवणारी पोरगी ती! पण कुठलं काय. तिनं ओढणी नीट केली, चादरीवर माझ्याशेजारी मांडी घातली आणि धाकट्याला म्हणाली, "आण तुझ्या चपला इकडं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती रडली असती तर मी समजूत घातली असती, देवाशप्पथ. पण ती बसली. माझ्यासारखीच बसली.

"ऊठ," मी म्हणाले.

"पप्पा ओरडतील."

"ओरडू देत."

हे तरातरा आले. "अगं, काय चाललंय?" मी घड्याळ, पाकीट, किल्ली, सगळं यांच्या ओंजळीत कोंबलं. "आज तुम्ही बसा."

"लोक बघतायत."

"बघू देत की. तिकीट नाही लावलेलं."

"तुला कुठं पोहता येतंय? दोघी बुडाल!"

"विचारलंत कधी?"

ओढणी कमरेला बांधली, पोरीचा हात धरला आणि निघाले. पण विहिरीचं पाणी गप उभं असतं, हे पाणी अंगावर येतं. पहिल्याच लाटेनं मला सपाट पाडलं, नाकातोंडात खारट पाणी. मागून कुणीतरी खो खो हसलं. हसा मेल्यांनो, म्हटलं आणि उठले. लाटा फुटतात त्याच्या जरा पलीकडे, छातीभर पाण्यात, मी अंग सोडलं आणि हात आपोआप चालायला लागले. इतक्या वर्षांनी! मला मोठ्यानं हसू फुटलं.

मग पोरीच्या पोटाखाली हात धरला. पाच-सहा वेळा बुडाली, खोकली, मला शिव्या दिल्या, पुन्हा आडवी झाली. काठावर हे चपलांच्या ढिगाजवळ उभे होते. बसले नव्हते, पण हललेही नव्हते.

दम खायला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, तुला एवढं छान येतं. मग इतकी वर्षं तू तिथं बसून का होतीस?"

आईवर, सासूबाईंवर, यांच्यावर, सगळ्यांवर राग काढून झाला होता माझा. पण या समुद्रावर मला कुणीच धरून बसवलं नव्हतं. मी आपली आपणच बसले होते. फार लाज वाटली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तू नको बसूस. कुणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."