चार तासांची शिदोरी

आमच्या घरी अंतर मैलांत मोजायची रीतच नव्हती. माय शिदोरीत मोजायची. अनसिंगहून वाशीमला जायचं तर काही बांधायचं नाही. कारंजाला आत्याकडे जायचं तर एका जेवणाची भाकर. दादा वेल्डिंग शिकायला मुंबईला गेला, तेव्हा अकोल्यापर्यंत एष्टी आणि पुढं रेल्वे, म्हणून तिनं तीन जेवणांचं बांधलं होतं.

सत्तर सालानंतरची, मी सातवीत होते तेव्हाची ही गोष्ट. वेल्डिंग शिकून घरी आलेल्या दादाला कुवेतची नोकरी लागली. मायनं मला विचारलं, "पोरी, किती दूर हाय वं थे?"

मला तर चेवच आला. शाळेचा नकाशा पसरला, शिवणाचा दोरा घेतला. नकाशात अनसिंग कुठलं असायला! अकोल्याच्या खाली अदमासे बोट ठेवलं. अनसिंग ते मुंबई जेवढा दोरा, त्याच्या पाचपट मुंबई ते कुवेत. मायचा चेहरा उतरला. तो मला बघवेना, म्हणून सरांकडून ऐकलेलं ठोकून दिलं, "पण इमानाले चारच तास लागतात, माय."

"चारच? मंग कारंजापरस काय लांब हाय!" ती हसली. मुंबईपर्यंतचं बांधलं आणि वर फक्त एका जेवणाच्या दशम्या ठेवल्या.

महिन्यानं पत्र आलं. वाचायचं काम माझंच. विमान मुंबईतच दीड दिवस खोळंबलं, आणि तिकडं पोचल्यावर खाणावळ सुरू व्हायला दोन दिवस लागले. 'पाण्यावर काढले,' असं त्यानं गमतीत लिहिलं होतं. ती ओळ गाळता आली असती. पण मी अतिशहाणी, मोठ्यानं वाचली.

"म्या उपाशी धाडलं माह्या लेकराले," माय एवढंच म्हणाली. तिनं मला दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं.

पुढची तीन वर्षं ती ताटं वाढताना दाराकडे बघायची. "चारच तास. सकाळी निघाला त जेवाले येते. मंग काहून नाई येऊन राह्यला?" नकाशात याचं उत्तर नव्हतं. दादाची आठवण मलाही यायची, पण तिच्यासमोर मी काढत नसे.

शेवटी तो महिनाभराच्या रजेवर आला. परत निघाला तेव्हा मायनं वाटेची शिदोरी बांधलीच, शिवाय गुळाच्या, कडक भाजलेल्या आठ दशम्या वेगळ्या फडक्यात गुंडाळल्या.

दादा हसला. "अवं माय, इमानात जेवाले देतात!"

"मले माईत हाय. ह्या वाटंतल्या नोयत. तिथं रोज एक खाय."

माझ्या चार तासांवरचा तिचा राग अजून गेलेला नाही, असं मला वाटलं. मान खाली घालून मी त्याची पिशवी उचलली.

तो गेल्यावर माय रडेल म्हणून मी धास्तावले होते. पण कुठलं काय! ती शेतात निंदायला गेली, बाजार करून आली, शेजारणीशी हसलीसुद्धा. संध्याकाळी मात्र न चुकता म्हणायची, "आज चौथी खाल्ली असन." "आज सहावी."

आठवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर चूल थंड. तिच्यापुढं बसून माय हमसून हमसून रडत होती.

"माय, काय झालं वं?"

"दशम्या सरल्या असतीन," ती म्हणाली. "आज गेला वं माहा पोट्टा."