नवेगावच्या तलावात तुटणारी खीळ

तार आली तेव्हा मी जेवत होतो. "बोटीचा पंखा फिरत नाही. लगीन आहे. माणूस पाठवा." मालक म्हणाले, "तूच जा." नागपूरच्या आमच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त होत, बोटीचं इंजिन उघडून पाहिलेला मी एकटाच. मला पोहता येत नाही, हे मी सांगून पाहिलं. मालक म्हणाले, "इंजिनाला तरी कुठं येतं?"

गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढं लहान रुळांची. ही लहान गाडी म्हणजे नुसता छळ. चढ आला की धापा टाकते आणि जंगलात मधेच थांबते. पंख्याचा नवा तुंबा (पाती जिच्यावर बसतात ती मधली वाटी) मी उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. समोर मोहफुलांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिनं बराच वेळ पाहून विचारलं, "देव हाये का जी?"

"देव नाही, बोटीचा तुंबा आहे."

"मंग मांडीवर कायले घेऊन बसले?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. तुंब्याची किंमत तिथंच उतरली.

स्टेशनवरून बैलगाडीनं नवेगावला निघालो. महिना वैशाखाचा, ऊन मरणाचं. पण टेकडीला वळसा घालून गाडी उतरली आणि तलाव दिसला, तेव्हा माझी कटकट आपोआप बंद झाली. सगळीकडून डोंगर आणि मधे हे एवढं पाणी! उन्हाळ्यानं पाणी हटलेलं, काठाशी बुडालेल्या झाडांचे काळे खुंट वर आलेले.

मालगुजार लक्ष्मणराव पारावर वाट पाहतच होते. भात, लाखोळीची डाळ आणि तलावातल्या माशांचा झणझणीत रस्सा पानात पडला आणि गाऱ्हाणंही सुरू झालं. "मिस्तरी, उद्या माह्या तुळसाचं लगीन. नवरदेव तलावाच्या पल्याडचा. त्याइची हळद दुपारी आटोपते, मंग निघतात. मुहूर्त गोरजाचा. गाड्यानं डोंगराले फेरा मारून आले त रात होते. मी बोटीच्या भरोशावर हो म्हणून बसलो."

"आणि बोट नाही चालली तर?"

"त मुहूर्त जाते. नाकही जाते. माहा साळा त आताच हासून राहिला."

बोट सांभाळणारा सोमा ढिवर मला काठावर घेऊन गेला. इंजिन आडवं करून पंखा काढला, तर आत तुंब्याचं भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालेलं. खीळ ठोकून बाहेर काढली आणि माझं डोकंच फिरलं. तिथं मऊ पितळेची बारीक खीळ असते. ही होती पोलादी, जाडजूड.

"ही कोणी घातली?"

"म्या," सोमा छाती काढून म्हणाला. "तुमची खुंटाले लागली का तुटे. मंग लोहाराकडून पक्की करून आणली."

"अरे बाबा, ती तुटण्यासाठीच असते. खुंट लागला की खीळ तुटते आणि पंखा वाचतो. तू खीळ वाचवलीस आणि तुंबा खाल्लास!"

सोमानं मान हलवली. "तुटासाठी खीळ? गाडीची खीळ तुटली त चाक निंगते, गाडी पलटते. तुटणारी खीळ कोण घालते जी?"

जन्मभर बैलगाडीचीच खीळ पाहिलेल्या माणसाला मी काय समजावणार! नवा तुंबा बसवला, जुनी पाती त्यावर कसली, पितळी खीळ घातली. दोरी ओढताच इंजिन फडफडलं. लक्ष्मणरावांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पाण्यातच जायचा.

दुसऱ्या दिवशी पल्याडहून नवरदेव, त्याचा मामा आणि चार वडीलधारी घेऊन निघालो. मध्यावर आलो आणि खाली बुडालेल्या खुंटाचा दणका बसला. इंजिन गर्जतंय, बोट जागेवर. खीळ तुटली होती. जास्तीच्या खिळा? त्या पिशवीत, आणि पिशवी मालगुजाराच्या ओसरीवर. स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

सूर्य डोंगराकडं कलत होता. सोमानं कंबरेतून तीच पोलादी खीळ काढली. "लावा. आजच्या दिवसापुरती."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण पुढं खुंटांचं रान होतं. आणखी एक दणका आणि नवा तुंबाही गेला असता, मग ना आज लग्न ना उद्या बोट. "कोणाकडं पितळेची काडी आहे का?" मी ओरडलो.

सगळ्यांनी खिसे, बटवे चाचपले. मामांच्या चंचीला कान कोरायची पितळी काडी लटकत होती. त्यांनी ती मुठीत धरली. "ही नाही देणार. माह्या बापाची हाये."

नवरदेव पहिल्यांदाच बोलला. "मामा, कान मंग कोरा. आंधी माहं लगीन होऊ द्या."

काडी बरोबर बसली. उरलेलं टोक मी कापून मामांना परत दिलं. आता सोमा पुढं उभा राहून खुंट दाखवू लागला. तरी काठाजवळ एकाला घासलोच. काडी तुटली, मी पंखा हातानं फिरवून पाहिला, तुंबा शाबूत. शेवटचा टप्पा सोमानं बांबू रेटून काढला. गुरं गावात शिरत होती तेव्हा नवरदेव मांडवात पोचला. मंगलाष्टकं चालू असताना मामा बोटानं कान खाजवत होते.

सकाळी परत तीच बोट, नवी खीळ. या खेपेला तुळसा सासरी निघाली होती. लक्ष्मणराव तिच्याशेजारी बसले. कालपर्यंत इंजिनासाठी जीव टाकणारा हा माणूस माझ्याकडं वळून हलकेच म्हणाला, "मिस्तरी, आज हळू घ्या. लय हळू."

मी इंजिन एकदम कमी केलं. पाणी कापलं जातंय हेही कळू नये इतकं. नवरदेवाकडच्यांनाही घाई नव्हती.

नागपुरात आल्याबरोबर मालकांनी विचारलं, "काय, पळालं का इंजिन?"

म्हटलं, "नाही. शेवटी तर गोगलगायीसारखं चाललं. गिऱ्हाईकानं हात जोडून आभार मानले."