डोंग्याला बसवलेली मोटार

माझा शेजारी धरणावर मासे धरतो. चिंचा पाडताना झाडावरून पडून त्याचा खांदा मोडला. हाड जुळलं, पण वल्हं मारलं की खांदा भरून यायचा. गाव धरणाच्या पश्चिमेला, मासळी पूर्वेच्या काठाला, आणि दुपारनंतर वारा पश्चिमेचा. जाताना वारा नेतो, येताना खांदा लागतो. त्याच्या बायकोने पत्र्याचा तो छोटा डोंगा विकायला सांगितलं. गिऱ्हाईक घरचंच होतं: तिचा धाकटा भाऊ. धरणात सोडलेल्या पंपाच्या पाइपापर्यंत जायला त्याला डोंगा हवाच होता.

शेजाऱ्याने शेवटचा उपाय म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटार घ्यायचं ठरवलं. दांड्याच्या टोकाला पंखा असतो, दांडा डोंग्याच्या मागच्या कडेला आवळायचा. फोनवर शोधायचं काम माझ्याकडे आलं.

गावाने पहिला प्रश्न विचारला तो किती एचपीची, हा. आमच्याकडे यंत्राची प्रतिष्ठा एचपीवर ठरते. विहिरीला तीनची पुरत असली तरी बांधापलीकडे पाचची बसली की तीनची लाजिरवाणी होते. ही मोटार मात्र पौंडांत मोजलेली होती. ते पौंड वजनाचे नसून पाणी मागे ढकलण्याच्या जोराचे आहेत, हे मी समजावून सांगितलं. ते ऐकून लोकांचा मोटारीवरचा विश्वास आणखी कमी झाला. सगळ्यांचं मत सर्वांत मोठी घ्यावी असं पडलं. मोठी मोटार बॅटरीही मोठ्या घासांनी खाते, म्हणून मी मधली मागवली.

बॅटरी शेजाऱ्याच्या याच मेव्हण्याने दिली, ट्रॅक्टरची. एवढं धूड चालू करते, तर डोंग्याची काय कथा, असं त्याचं म्हणणं. मी वाचलं होतं ते वेगळं. ट्रॅक्टरची बॅटरी एकदा जोरात धक्का देते आणि मग आपलं काम संपलं असं समजते. सावकाश, पुष्कळ वेळ वीज देणं हे इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काम. ती शेजाऱ्याच्या घरात होती, पण लाइन गेली की त्याच्या बायकोचा पंखा तिच्यावर फिरायचा. मागायची कोणाची छाती झाली नाही.

मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी मोटारीला हार घातला, डोंग्यावर नारळ फोडला आणि ते मत्स्यव्यवसायाच्या आधुनिकीकरणावर बोलले. अध्यक्ष पाण्यात उतरले नाहीत. डोंगा ऐटीत निघाला, फोटो निघाले, चहा झाला. जाळी काढून परत वळल्यावर, वाऱ्याच्या तोंडावर, मोटार मंदावली आणि थांबली. शेजाऱ्याने एका हाताने वल्हवत जवळचा काठ गाठला आणि शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने चालत घरी आला. वर्तमानपत्रातल्या फोटोतला डोंगा मात्र अजूनही पुढेच चालला आहे.

दुसऱ्या सकाळी मेव्हणा आला. मी ओट्यावर होतो. भाऊजींनी आता हट्ट सोडावा, असं तो बहिणीला सांगत होता. ती सोयाबीन पाखडत होती.

"दम कोनाचा गेला?" तिने विचारलं.

"बॅटरीचा. म्हनूनच म्हनतो, बाई..."

"बॅटरी कोनाची होती?"

तो पायाजवळ सांडलेलं सोयाबीन वेचायला लागला.

"मंग तुही बॅटरी बसली, तर आमचा डोंगा कायले मांगून राह्यला?"

चहा न घेताच तो गेला. तिने सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याला इन्व्हर्टरच्या वायरी सोडायला सांगितल्या.

डोंगा शेजाऱ्याने पहाटेच, वारा नसताना, दोरीने ओढत काठाकाठाने परत आणला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीहून दुप्पट जड असलेली ती बॅटरी आम्ही दोघांनी टमाट्याच्या कॅरेटमध्ये घालून काठावर नेली. मोटार, बॅटरी आणि शेजारी, तिन्ही मागच्या बाजूला आल्यावर डोंग्याचं पुढचं टोक वर उचललं आणि वाऱ्याबरोबर फिरायला लागलं. आता वजन समोर हवं होतं. शेजारी दगड शोधायला लागला. दगड जाळ्यातले मासे सोडवत नाहीत, असं म्हणून त्याची बायको लुगडं खोचून पुढे जाऊन बसली. तिला पोहता येत नव्हतं.

दुपारी वारा सुटला. बऱ्याच वेळाने पलीकडून एक ठिपका निघाला. तो इतका सावकाश वाढत होता की मला दोनदा तो थांबला असं वाटलं. थांबला नव्हता. डोंगा काठाला लागला तेव्हा वल्हं कोरडं होतं. शेजाऱ्याने भीती वाटली का म्हणून विचारलं, तेव्हा ती मासे टोपलीत भरत होती.

"उद्या बसाले पाट आनतो मी," ती म्हणाली. "हा पत्रा लय तापते."