चिंचोक्याची खळ आणि फटफटीच्या मुठी

काशम्माच्या घरात फटफटी येऊन अकरा महिने झाले होते. या अकरा महिन्यांत तिनं ती दर रविवारी धुतली, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली, एकदा तर तिच्या सीटवर कुरडया वाळत घातल्या. बसली मात्र एकदाही नव्हती.

कारण सासू. मल्लव्वा दुधनीकडच्या शेतकरी घरातली, साठीची. तिचा एकुलता एक मुलगा ईश्वरप्पा इंजिनाचे पट्टे विकत गावोगाव फिरायचा. फटफटी त्यानं जुनी घेतली तेव्हाच हँडलच्या मुठींची रबरं फाटलेली होती. सोलापूरच्या उन्हात ती मऊ होऊन काळं सोडायची. ईश्वरप्पा घरी आला की तांब्यावर, टॉवेलवर, भाकरीवर त्याच्या पंजाचे ठसे. एकदा होटगीच्या रस्त्याला खड्ड्यात त्याचा हात सटकला आणि तो कोपर सोलून घरी आला. त्याच दिवशी मल्लव्वानं निकाल दिला, "हातात धरायचं धड न्हाय, त्या गाडीवर माझी सून बसायची न्हाय."

"आन् मी?" ईश्वरप्पानं विचारलं.

"तुला कुटं सांगून कळतंय."

रविवारी बार्शीला काशम्माच्या भावाच्या, शरणप्पाच्या, पहिल्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, म्हणजे काशम्मानं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि प्रत्येक वेळी ती माहेरी गेली ती यष्टीनं, मांडीवर बोचकं आणि बोचक्यावर शेजारणीचं पोर घेऊन. या खेपेला फटफटीवरून जायचं असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्याला तसं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ती रबरं बदला की. किती दिवस शाई लावून भाकर खायची?"

शनिवारी दुपारी तो नवी रबरं, क्लचची नवी दांडी आणि तिचे नटबोल्ट असं पुडकं घेऊन आला. मिस्त्रीकडे जायचा प्रश्नच नव्हता. पट्टे विकणाऱ्याला यंत्रातलं सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती, आणि मिस्त्री हेच त्याचं गिऱ्हाईक असल्यामुळे ती त्यांच्यापुढे मोडून चालणार नव्हती.

दांडी बरी बसली. जुनी रबरं त्यानं सुरीनं उभी चिरून केळीच्या सालीसारखी सोलली. काशम्मानं भाजीची सुरी आधीच लपवून ठेवली होती. त्याच्या हाती मोडक्या मुठीची लागली. नवं रबर मात्र बोटभर आत जाऊन अडलं. त्यानं ढकललं, थोपटलं, मग त्याच्या कारखानदाराच्या सात पिढ्या काढल्या.

"त्याल घाल की रे," ओट्यावरून मल्लव्वा म्हणाली. "बैलगाडीच्या आसाला घालत न्हाय का?"

त्या घरात अडलेल्या प्रत्येक गोष्टीवर तेल हाच उपाय. कुलूप असो, कडी असो, दुखरा कान असो. ईश्वरप्पानं करडीच्या तेलाची बरणी उचलली. रबर सुळकन आत गेलं. दुसरंही गेलं. त्यानं किक मारली आणि उजवी मूठ पिळली. मूठ फिरली. आणखी पिळली, ती पूर्ण गोल फिरली. गाडी आपली जागच्या जागी हलकेच फटफटत राहिली.

"रबर तेवडं फिरतंय," मल्लव्वा म्हणाली. "गाडीला त्याची खबर न्हाय."

"अव्वा, तूच म्हनालीस त्याल घाल."

"आसाला चाक फिरावं म्हनून घालत्यात. तुला हितं फिरायला पायजे होतं का चिकटायला, ते तू बघायचंस. उद्या सकाळच्या यष्टीनं जावा दोगं."

काशम्मानं चुलीवरचं आधण उतरवलं आणि बाहेर आली. दोन्ही मुठी फिरवून बघितल्या. घालताना निसरडं पाहिजे आणि घातल्यावर पक्कं पाहिजे. एवढंच तर मागत होती ती रबरं. काशम्मा बार्शीच्या हातमागवाल्याची लेक. सूत मऊ राहावं आणि तुटूही नये म्हणून चिंचोक्याची खळ शिजवण्यात तिचं अर्धं बालपण गेलं होतं. सोलापुरातही दोन घरं सोडून असलेल्या मागाला तीच खळ करून द्यायची. ओली खळ शेवाळासारखी निसरडी, आणि वाळली की बोटाची कातडी सोलल्याशिवाय सुटत नाही.

"काढा ती," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता तू शिकीव मला."

"शिकवत न्हाई. काढा म्हनते."

रबरं निघाली. तिनं ती राखेनं आणि शिकेकाईनं धुतली, हँडलही पुसून कोरडं केलं, मग चिंचोक्याचं पीठ शिजवायला ठेवलं. मल्लव्वानं नाक मुरडलं. "कोष्ट्याच्या घरची लेक. उद्या गाडीला खळ करून इस्त्री मारंल."

"मारीन की, अत्ती. तुमी बसनार असाल तर घडीबी घालीन."

मल्लव्वाला हसू आलं, ते तिनं तंबाखूत दाबलं.

उजवीकडचं काम नाजूक होतं. तिथं रबराच्या आतली नळी फिरते, तिच्यात खळ गेली तर मूठ जखडायची. काशम्मानं नळीच्या आतल्या, ब्रेककडच्या टोकाला चिंधी बांधली, वरून खळीचा पातळ हात फिरवला, रबर अर्ध्यावर आल्यावर चिंधी काढली आणि बाकीचं एका दमात सरकवलं. दोन्ही मुठींवर जुन्या लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. चारचं ऊन अजून भट्टीसारखं होतं. गाडी उन्हात ढकलून तिनं सांगितलं, "सकाळपर्यंत कुनी हात लावायचा न्हाय." ईश्वरप्पानं तीनदा लावला, तीनदा बोलणी खाल्ली.

सकाळी पट्ट्या सोडल्या. मल्लव्वा पुढे झाली. चाळीस वर्षं जात्यावर ज्वारी दळलेले हात तिनं डाव्या मुठीवर ठेवले आणि ओठ मिटून पिळली. हलली नाही. उजवी पिळली, ती नळीसकट वळली आणि सोडताच जागेवर आली. म्हातारीनं पुन्हा एकदा पिळून बघितली.

"बोळाच्या टोकापर्यंत मला ने," ती मुलाला म्हणाली. "मग हिला."

ती गेली आणि आली. उतरल्यावर पहिल्यांदा लुगडं झटकलं, मग सुनेला म्हणाली, "बस. पदर खोचून घे. आन् पावसाळ्याआदी परत खळ लाव, भिजली की सुटंल ती."

वाटेतल्या वैराग गावापर्यंत काशम्मानं नवऱ्याचा खांदा सोडला नाही. वैरागनंतर सोडला. साडेआठला ते बार्शीत माहेरच्या गल्लीत शिरले.

"हार्न वाजवा," ती म्हणाली.

वाजवला. दारात कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला, तेव्हा भावजयीची आई हात पुसत बाहेर आली. "अगंबाई, तुमी? शरणप्पा तर स्टँडावर गेलाय तुमाला आनायला. नवाच्या यष्टीला."

ईश्वरप्पा उतरायला लागला.

"उतरू नका," काशम्मा म्हणाली. "फिरवा गाडी."

ते पोचले तेव्हा सोलापूरची यष्टी नुकतीच लागत होती. शरणप्पा दाराशी उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड निरखत होता. एकीनं त्याला फटकारलंही. काशम्मानं गाडी नेमकी त्याच्या पाठीशी थांबवायला लावली.

"शरण्या, कुनाला बगतोयस रे?"

तो वळला. कंडक्टरही वळला. खिडक्यांतली माणसं वाकून बघू लागली.

"अक्का," शरणप्पा म्हणाला, "उतर की."

"घरी गेल्यावर उतरते," ती म्हणाली आणि जरा पुढं सरकली. "बस मागं."