घडीमास्तरांचा गोंधळ

पुठ्ठ्याची खोकी करण्यात घडीमास्तरांचं उभं आयुष्य गेलं. कारखान्यात नवा पुठ्ठा आला की मालक आधी तो त्यांच्यापुढे ठेवायचे. मास्तर घडी घालत, उघडत, पुन्हा त्याच घडीवर मिटत, पुन्हा उघडत. घडीवर केसाएवढी भेग दिसली तरी सगळा माल नापास. मग गाडीवाल्याने कितीही गयावया केली तरी मास्तर ढिम्म हलायचे नाहीत.

आणि नेमकं अशा माणसाच्या बायकोच्या तपासणीत निघालं ते हे! पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. ती फुटली तर संपलंच, हे डॉक्टरीणबाईंनी होईल तेवढ्या गोड शब्दांत सांगितलं. उपायही सांगितला. घड्या घालून मिटलेली एक नळी मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत सरकवायची आणि फुगलेल्या जागी नेऊन उघडायची, म्हणजे रक्त त्या नळीतून जाईल आणि फुगलेल्या भागावर ताण येणार नाही.

"घड्या घालून?" बायकोशेजारी बसलेले मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"हो. कागदाच्या घड्यांवरून लोकांनी काय काय शोधलंय म्हणून सांगू! यानाचे उन्हावर वीज करणारे मोठाले पत्रे असेच मिटून अवकाशात पाठवतात, वर गेल्यावर ते उघडतात." बाईंनी टेबलावरची कागदाची नळी उचलली. बोटाएवढी ती नळी जरा दाबताच मुठीएवढी झाली. "खरी नळी कापडाची आणि तारेची असते. कल्पना यावी म्हणून ही दाखवली. हवी तर घरी न्या."

मास्तरांचं डोकं गरगरायला लागलं. घडी म्हणजे खोक्याचा कोपरा, एवढंच त्यांना माहीत. ती आकाशात काय जाते, बायकोच्या पोटात काय जाते! 'विचार करून सांगतो' म्हणून ते उठले.

घरी येऊन चहासुद्धा न घेता मास्तर नळी घेऊन बसले. मिटली, उघडली, मिटली, उघडली. शेवटी व्हायचं तेच झालं.

"बघ! घडीवरच फाटली. मी तुझ्या पोटात असलं काही घालू देणार नाही."

बायको भाजी निवडत होती. "अहो, ती कागदाची आहे."

"मग कागदाची दिली कशाला?"

"आणि आत गेल्यावर ती एकदाच उघडायची. मिटायची नाहीच, असं बाई म्हणाल्या ना?"

"पण आत रक्त धडका मारणार. दर ठोक्याला! मग ती घडी हलणारच की. का नाही हलणार? तार असली म्हणून काय झालं?" मास्तर थांबले. तारेची घडी त्यांनी जन्मात घातली नव्हती. कापडाची घालत होते, पण ती इस्त्रीची. "मला काही कळेनासं झालंय बघ. हो म्हणालो आणि फाटली, तर? नाही म्हणालो आणि…"

फाटका कागद ते उगाच सरळ करत बसले.

"तुला कळलं का सगळं?" त्यांनी विचारलं.

"छे! मला कुठलं कळतंय?"

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते तर!" बायकोने भाजीचं ताट बाजूला सारलं. "पण मला जगायचंय हो. तुम्ही नाही म्हणालात, तर मी एकटी जाईन."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. साधं दाताच्या डॉक्टरकडे जातानाही ती त्यांचा दंड धरून जायची.

"एकटी कशाला?" त्यांनी फाटकी नळी बाजूला ठेवली. "मला यातलं अजूनही ओ का ठो कळलेलं नाही. पण येतो मी."