बोट पुन्हा हवेत गेली

पाणबुडीचा माझ्या सासऱ्यांइतका नाद असलेला माणूस अख्ख्या गारखेड्यात सापडायचा नाही, आणि पाणबुडी त्यांच्याइतकी कमी चालवलेलाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मुलीने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी पाणबुडीचा खेळ आणला खरा. पण खेळण्यापेक्षा ते त्यात मॉड भरण्यातच रमले. मॉड म्हणजे हौशी लोकांनी मूळ खेळात घातलेली भर. कुणी खऱ्यासारख्या लाटा केलेल्या, कुणी खलाशांचे आवाज, कुणी धुकं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सगळंच हवं. पण या मॉडांचं आपसात पटायचं नाही. धुकं टाकलं की पेरिस्कोपमधून नुसता अंधार दिसायचा. त्यावर लाटा टाकल्या की पाणबुडी समुद्र सोडून आभाळात तरंगायला लागायची.

मग रविवारी सकाळी मला फोन. "जय भीम, पाव्हणं. बोट पुन्हा हवेत गेली."

मी लगेच निघायचो. सगळे मॉड काढायचे, मग एकेक परत टाकून खेळ सुरू करून बघायचा, यात आमची दुपार व्हायची. सासूबाई दारातून बघत म्हणायच्या, "माझे गुडघे इतकी वर्षं दुखत्यात. कशानं दुखत्यात, ते असं एकेक काढून कधी बघितलं का?" मामांना ऐकू जायचं नाही. मेहुण्याच्या साखरपुड्यात तर ऐन अंगठी घालायच्या वेळी ते माझ्या कानाशी लागले. "सापडलं! धुकं अन् लाटा, दोघंबी एकच फाईल बदलत्यात. मागून आलेला आधीच्याचं पुसून टाकतोय!" तेवढ्यात फोटोग्राफरने बटण दाबलं. त्या फोटोत मामांचा चेहरा असा उजळला आहे, की सून किती पसंत पडली होती म्हणून पाहुणे अजून कौतुक करतात.

शेवटी कुण्या परदेशी भल्या माणसाने या दोघांचा समेट घडवणारी एक लहानशी फाईल करून दिली. ती टाकली आणि पाणबुडी पाण्यातच राहिली. धुक्यातून लाटा कापत निघाली, आतले खलाशी बोलू लागले. मी टाळ्या वाजवल्या. "चालली की हो," मामा म्हणाले. मुलीला पहिल्यांदा एसटीत बसवून दिल्यावर बापाचा असतो, तसा आवाज होता.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यानंतरच्याही नाही. मी पेपर जाहिरातींसकट वाचून काढला, पण करमेना. बायको म्हणाली, "बाबा बरे आहेत. बाल्कनीत बसून असतात. कॉम्प्युटरवर कापड टाकलंय."

तेव्हा मीच उठून गेलो.

"मामा," मी म्हणालो, "समुद्रपक्ष्यांचा एक मॉड आलाय. पण लाटांशी त्याचं अजिबात पटत नाही म्हणतात."

ते बाल्कनीतून उठून आत आले. मग कापड बाजूला सारून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"पटत नाय? मंग लई दिवस लागतील, पाव्हणं."

"लागू द्या की," मी म्हणालो.