विहिरीच्या तळाशी रेडिओ
ट्रान्झिस्टरच्या जुन्या कातडी कव्हराचा वास आला की मला पारनेरकडची आमची पायऱ्यांची विहीर दिसते. एकाहत्तरची लढाई चालू होती आणि आमचे हे पाणबुडीवर होते. निरोप येत नव्हता म्हणून सासूबाई चिडायच्या, "इहिरीत बुडी मारली तरी काठावरची हाक ऐकू येती, मग ह्याला निरोप धाडाय काय हुतं?" रेडिओच्या लहरी जमिनीत, पाण्यात विरतात, असं दिरांनी सांगितलेलं त्यांना पटेना. एका सकाळी बातम्या चुकू नयेत म्हणून त्या रेडिओ काखेत घेऊनच पाण्याला उतरल्या; मागे हंडा घेऊन मी. एकेका पायरीला आवाज बारीक होत गेला आणि पाण्याजवळ नुसती खरखर उरली. घाबरून त्या वर धावल्या, तर बातम्या चालूच होत्या. त्या पुन्हा उतरल्या, पुन्हा चढल्या आणि मग पायरीवर मटकन बसल्या. "पान्याला टेकले बी न्हाई, तर ही गत. त्याच्या डोक्यावर तर आख्खा दर्या हाय गं." त्यानंतर त्या चिडल्या नाहीत. बातम्या लागल्या की रेडिओवर हात ठेवून एवढंच पुटपुटायच्या, "वर ये रे, बाळा." हे सुखरूप आले. पण अजूनही घरातल्या कुणाचा फोन लागेनासा झाला की माझ्या तोंडून तेच निघतं.